करडाच्या पावात करडू नाही

कुणी दुपारची भांडी उरकून बसली असेल, कुणी शिवणयंत्रावर असेल, कुणी शेताच्या बांधावर मोबाईल लावून ऐकत असेल. आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत, थेट समुद्रापलीकडे. विषय आहे पावात मांसाचा तुकडा घालून केलेलं सँडविच. तिकडे त्याला स्टेक सँडविच म्हणतात. स्टेक म्हणजे मांसाचा सपाट कापलेला तुकडा, तव्यावर नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला.

एक गोष्ट आधीच सांगतो. या सँडविचमध्ये गाईबैलाचं मांस असतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत ते चालत नाही, काही घरांत चालत आलेलं आहे, आणि आपल्या राज्यात त्याबद्दल कायदाही आहे. त्यामुळे हा कार्यक्रम पाककृतीचा नाही, इतिहासाचा आहे. खाणं कुठलंही असो, ते कुणी केलं, कुणासाठी केलं आणि हाताशी काय होतं म्हणून केलं, हे विचारलं की माणसांच्या कष्टाची गोष्ट बाहेर येते. शेतावर जाताना भाकरीत चटणी, कांदा बांधून नेणाऱ्या आपल्याला हे कळायला अवघड नाही.

हा विषय आमच्याकडे आला तो एका मावशींमुळे. त्यांचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. वडील खलाशी, म्हणजे कोकणात म्हणतात तसे ‘बोटीवर’. वर्षातून एकदा घरी यायचे, बाकी वर्षभर मनीऑर्डर यायची. दिवाळीला घरात चिवड्याची फोडणी बसली की ते हमखास सांगायचे, ‘मी एका बंदरात वेगळाच चिवडा खाल्लाय. पावात असतो, आणि त्याला करडाचं नाव आहे.’ घरातले सगळे हसायचे. चिवडा पावात कसा, आणि त्यात करडू कसं? वडील आता नाहीत. मावशी सत्तरीच्या आहेत. गटाच्या बैठकीत त्यांनी विचारलं, ‘बाबांनी खाल्लं ते होतं तरी काय, एवढं शोधून द्याल का?’

आम्ही मावशींना पाच प्रश्न विचारले. पाव कसा होता? गोल, मऊ, आपल्या पावापेक्षा मोठा. मांस कसं होतं? एकच पातळ, चपटा तुकडा, बारीक चिरलेलं नव्हे. वर काय होतं? तळलेलं अंडं, आणि लहान बोराएवढं हिरवं, खारट फळ. नाव काय? चिवड्यासारखं काहीतरी, अर्थ करडू. आणि साल? ते नक्की आठवत नव्हतं, पण आणीबाणी लागली त्या 1975 सालीच बाबा बोट सोडून कायमचे घरी आले होते. म्हणजे जे खाल्लं ते त्याआधी. जाता जाता मावशींनी आणखी एक सांगितलं. बाबा म्हणायचे, ‘आपल्याकडे दिवाळीनंतर थंडी वाढते, तिथे दिवाळीनंतर उकाडा वाढतो.’

एवढी शिदोरी घेऊन आम्ही शोधायला निघालो.

पावात मांस म्हटलं की सगळ्यात आधी नाव येतं अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं. तिथे इटलीहून आलेल्या कामकरी लोकांची मोठी वस्ती होती. पॅट ऑलिव्हिएरी आणि हॅरी ऑलिव्हिएरी हे दोघे भाऊ तिथे गाडीवर हॉट डॉग विकायचे. हॉट डॉग म्हणजे लांबट पावात मांसाची कांडी. सांगतात ते असं, की 1930 साली रोजरोज तेच खाऊन कंटाळलेल्या पॅटने खाटकाकडून थोडं गोमांस आणलं, पातळ कापून कांद्याबरोबर तव्यावर परतलं आणि पावात भरलं. वास ऐकून एक टॅक्सीवाला थांबला, त्याने तेच मागितलं आणि खाऊन म्हणाला, हॉट डॉग सोड, हेच विक. चीज त्यात नंतर आलं. पुढे 1966 साली समोरच्याच कोपऱ्यावर दुसरं दुकान उघडलं आणि कुणाचं चांगलं यावर गावाचे दोन तट पडले. आपल्याकडे मिसळीवरून कोल्हापूर, पुणे, नाशिकवाले भांडतात, तसंच. तिथे रांगेत उभं राहून लांबलचक बोलायचं नसतं. चीज कुठलं आणि कांदा हवा की नको, एवढं दोन शब्दांत सांगायचं. मागे कामावर जाणारी माणसं खोळंबलेली असतात.

पण आमच्या मावशींच्या खुणांशी हे जुळेना. फिलाडेल्फियाचा पाव लांब, मांस परतून मोकळं केलेलं, आणि अंडं नाही.

अमेरिकेतलंच दुसरं शहर शिकागो. इथे 1865 साली गुरांचा प्रचंड बाजार आणि कत्तलखान्यांचा कारभार सुरू झाला, तो 1971 पर्यंत चालला. देशभरातून आगगाडीने गुरं तिथे यायची. तिथे राबणाऱ्यांत परदेशातून आलेले गरीब मजूर खूप. मांसाचे चांगले भाग श्रीमंतांकडे जायचे, मजुराच्या वाट्याला निबर, चिवट तुकडे. ते मंद आचेवर मसाल्याच्या पाण्यात तास न् तास शिजवायचे आणि मग कागदासारखे पातळ कापायचे. इटालियन वस्तीत साधी लग्नं असायची, त्यांना शेंगदाण्यांची लग्नं म्हणत, कारण पाहुण्यांपुढे ठेवायला शेंगदाण्यांसारखंच स्वस्त काहीतरी असायचं. अशा लग्नांत थोडं मांस शंभर माणसांना पुरवायचं तर सुरी जितकी पातळ चालेल तितकं बरं. पाव त्याच रश्शात बुडवायचा, म्हणजे पोट भरतं. वर तिखट, आंबवलेल्या भाज्यांचं लोणचं. यालाच आज शिकागोचं इटालियन बीफ म्हणतात आणि लोक हौसेने खातात.

हे वाचताना आमच्या गटातल्या बायका एकदम बोलायला लागल्या. आमटी पातळ करून पंगत निभावून नेणं काय असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण इथेही अंडं नाही, करडू नाही.

मग आम्ही पोर्तुगालकडे वळलो, कारण मुळात ‘पाव’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत तो ‘पांव’ असा नाकात बोलतात. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही त्यांच्याच भाषेतला शब्द. गोव्याच्या गाड्यांवर मिळणारा कटलेट पाव याच घराण्यातला. खुद्द पोर्तुगालमध्ये पावात लसूण लावून परतलेला मांसाचा पातळ तुकडा घालतात, त्याला ‘प्रेगो’ म्हणतात. प्रेगो म्हणजे खिळा. पोर्तो हे त्यांचं मोठं बंदर. तिथे 1950 नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये काम करून परतलेल्या एका माणसाने तिथल्या भाजलेल्या सँडविचवरून नवा प्रकार काढला. पावाच्या चौकोनी कापांत मांसाचे तीन-चार प्रकार, वरून वितळलेलं चीज आणि सगळ्यावर झणझणीत रस्सा. नाव ठेवलं ‘फ्रान्सेझिन्या’, म्हणजे छोटी फ्रेंच बाई. यावर पुष्कळदा तळलेलं अंडंही असतं.

बंदर मिळालं, अंडं मिळालं. पण हे ताटात घेऊन काट्याचमच्याने खायचं, रश्शात पोहणारं. नाव छोट्या बाईचं, करडाचं नाही. आणि पोर्तुगालमध्ये दिवाळीनंतर आपल्यासारखी थंडीच वाढते. अमेरिकेतही तसंच. बाबांची उकाड्याची खूण तिथेच कामाला आली. दिवाळीनंतर उन्हाळा येतो तो पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात. म्हणून आम्ही नकाशावर खाली उतरलो.

खाली दक्षिण आफ्रिका. केप टाऊन हे मोठं बंदर. तिथे ‘गॅट्सबी’ नावाचं सँडविच मिळतं. हातभर लांब पाव, त्यात बटाट्याचे तळलेले काप, मांस आणि चक्क अचार. मसाला लावलेलं स्टेकचं गॅट्सबी तिथे फार चालतं. अचार आणि मसाला हे आपले शब्द तिथे कसे, तर आपल्याकडून आणि पूर्वेकडच्या बेटांवरून शेकडो वर्षांपूर्वी गुलाम म्हणून, मजूर म्हणून नेलेल्या माणसांबरोबर. वर्णभेदाच्या काळात तिथल्या सरकारने 1950 साली कायदा करून कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचं हे ठरवलं. 1966 साली केप टाऊनची डिस्ट्रिक्ट सिक्स ही जुनी वस्ती फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाली आणि साठ हजारांहून जास्त लोकांना उठवून शहराबाहेरच्या वाळवंटी सपाटीवर टाकलं. त्याच बाजूच्या अ‍ॅथलोन भागात 1976 साली रशाद पॅन्डी या दुकानदाराने मदतीला आलेल्या माणसांना खायला घालायचं म्हणून, दुकानात उरलेलं सगळं एका मोठ्या पावात भरलं, चार तुकडे केले आणि वाटलं. आजही गॅट्सबी एकट्याने खात नाहीत, चौघांत वाटून खातात.

पण साल पाहा, 1976. मावशींचे बाबा तर 1975 लाच घरी आले होते. तेव्हा गॅट्सबी जन्मलाही नव्हता. त्यातून भारताने वर्णभेदाविरुद्ध 1946 पासूनच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता. गॅट्सबीवर आम्ही काट मारली.

आता उरला दक्षिण अमेरिका खंड. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली देश. रामोन बार्रोस लुको हे 1910 ते 1915 या काळात तिथले राष्ट्राध्यक्ष. राजधानी सँटियागोमधल्या एका जुन्या उपाहारगृहात ते नेहमी मांस आणि वितळलेलं चीज घातलेला पाव मागायचे, म्हणून त्या सँडविचचं नावच ‘बार्रोस लुको’ पडलं. तिथेच दुसरं एक आहे, ‘चाकारेरो’. चाकारेरो म्हणजे मळ्यावर कष्ट करणारा. त्यात मांसाबरोबर टोमॅटो, हिरवी मिरची आणि उकडलेली फरसबी भरतात. मळ्यात जे पिकतं तेच पावात. आमच्या बायकांना हा सगळ्यात पसंत पडला. एक म्हणाली, मांस काढून आपण फरसबीचा करून बघू. नावातला ‘चा’ ऐकून मावशी जरा सरसावल्या, पण मळेकरी म्हणजे काही करडू नव्हे.

त्याच खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर उरुग्वे हा छोटा देश. मॉन्टेव्हिडिओ ही त्याची राजधानी आणि बंदरही. या देशात माणसांच्या तिपटीहून जास्त गुरं आहेत. मुळात तिथे गाईबैल नव्हते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनच्या कारभाऱ्यांनी थोडी गुरं त्या मोकळ्या कुरणांवर सोडली आणि ती वाढत गेली. आधी त्यांचं कातडं विकलं जायचं आणि मांस खारवून, सुकवून ब्राझील आणि क्युबामधल्या गुलामांना खायला पाठवलं जायचं. मग 1865 च्या सुमारास फ्राय बेंतोस या नदीकाठच्या गावी मांसाचा अर्क काढण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. पुढे तिथून मांसाचे डबे जगभर गेले, दोन्ही महायुद्धांत सैनिकांनी ते खाल्ले. कारखाना 1979 साली बंद पडला आणि 2015 साली त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

या उरुग्वेमध्ये घरोघरी, गल्लोगल्ली मिळणाऱ्या सँडविचचं नाव आहे ‘चिवितो’.

नाव वाचलं आणि मावशी म्हणाल्या, ‘हेच! बाबा असंच म्हणायचे.’ स्पॅनिश भाषेत चिवितो म्हणजे शेळीचं पिल्लू, करडू. गोल मऊ पाव. मांसाचा एकच पातळ तुकडा. वर चीज, टोमॅटो, तळलेलं किंवा उकडलेलं अंडं. आणि ते हिरवं खारट फळ म्हणजे ऑलिव्ह. एकेक खूण जागेवर बसली. फक्त एक सोडून. चिवितोमध्ये करडू नसतंच. ते गाईबैलाचं मांस असतं.

मग नाव करडाचं का? तिथे सांगतात ती गोष्ट अशी. पुंता देल एस्ते हे उरुग्वेचं समुद्रकाठचं गाव, हवापालटाला लोक तिथे येतात. 1940 नंतरच्या दशकात आन्तोनियो कार्बोनारो यांचं तिथे ‘एल मेहियोन’ नावाचं उपाहारगृह होतं. शेजारच्या अर्जेंटिना देशातून आलेली एक बाई तिथे आली. तिला आपल्या मुलखात खाल्लेल्या करडाच्या मांसाची आठवण झाली आणि तिने तेच मागितलं, ‘चिवितो आहे का?’ करडू तर नव्हतं. पण बाईला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? कार्बोनारोंनी पाव भाजला, लोणी लावलं, त्यात मांसाचा रसरशीत तुकडा आणि सोबत थोडं डुकराचं खारवलेलं मांस घालून दिलं. बाईला ते आवडलं. तिने मागितलेलं नावच त्या पावाला चिकटलं. अंडं, चीज, ऑलिव्ह मागून येत गेले. आज चिवितो हा उरुग्वेचा राष्ट्रीय पदार्थच मानला जातो.

म्हणजे पाहा, मावशी बाबांच्या आठवणीतला पदार्थ शोधत होत्या, आणि तो पदार्थ जन्मला तोच एका बाईने आठवणीतला पदार्थ शोधला म्हणून.

हे मावशींना सांगताना आमच्यातल्या दोघी जरा अडखळल्या. मावशींच्या घरात हे मांस कधीच शिजलेलं नाही. बाबांनी करडू समजून खाल्लं की ठाऊक असून खाल्लं, ते सांगायला आता बाबा नाहीत. पण इतिहास शोधायचा म्हटलं की आपल्याला सोयीचं तेवढंच ठेवून बाकीचं लपवता येत नाही. आम्ही सांगितलं. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अकरा महिने पाण्यावर. जे मिळेल ते खाऊन त्यांनी आमच्यासाठी पैसे पाठवले. आमची शाळा त्यातून झाली. आणि त्यांच्या चिवड्याला आम्ही हसलो, तो खरा होता, एवढं कळलं ते बरं झालं.’

मैत्रिणींनो, या सगळ्या शोधात एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या लक्षात आली. पॅटचं नाव आहे, कार्बोनारोंचं आहे, रशाद पॅन्डींचं आहे, राष्ट्राध्यक्षांचं तर आहेच. पण जिच्या मागण्यातून चिवितो आला, त्या अर्जेंटिनाच्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. शिकागोच्या लग्नांत थोडं मांस शंभर पानांना पुरवताना बायकांचे किती हात राबले असतील, त्यांचीही नोंद नाही. ज्याच्या दुकानावर पाटी होती, त्याचं नाव उरलं.

हे काही फक्त परदेशात घडतं असं नाही. आपल्या गटांतून मसाले जातात, पापड जातात, लोणची जातात. पुडीवर गटाचं नाव असतं, ते असायलाच हवं. पण त्या मसाल्यात धने किती, दगडफूल किती, मिरची कुठली, हे ज्या आजीने ठरवलं तिचं नाव कुठे आहे? एका गटातल्या म्हाताऱ्या सदस्य गेल्या, आणि त्यांच्या हातच्या काळ्या मसाल्याचं प्रमाण त्यांच्याबरोबर गेलं. सुनेने खूप प्रयत्न केला. गिऱ्हाईक म्हणतं, आधीसारखा नाही. मागणी कमी झाली, आणि घरात येणारा पैसाही. म्हणजे लिहून ठेवणं हे नुसतं हौसेचं काम नाही, पोटाचंही आहे.

म्हणून सगळ्या गटांना आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही बंद करायच्या आधी अर्धा तास काढा. गावातली सगळ्यात जुनी चव कुठली, ते ठरवा. आंबोळी असेल, शेंगोळे असतील, सांडगे असतील, एखादीचं मटणाचं वाटण असेल. मग मावशींना विचारले तेच पाच प्रश्न विचारा, थोडे आपल्या घरच्या बेताने. पीठ किंवा धान्य कुठलं? कापायची, वाटायची रीत कशी? वर किंवा सोबत काय? त्याला घरात कुठल्या नावाने हाक मारतात, मग ते नाव कितीही विचित्र वाटो? आणि साधारण कुठल्या सालापासून? सहावा प्रश्न मात्र विसरू नका. हे आधी कुणी केलं, त्या बाईचं पूर्ण नाव काय, आणि माहेर कुठलं?

गटातल्या लिहिणाऱ्या पोरीला हे जबाबदारीने लिहायला सांगा. सांगणाऱ्या आजीला वाचून दाखवा, तिने हो म्हटलं की खाली तिची सही किंवा अंगठा घ्या. कर्जाच्या वहीत जशी एकेक रक्कम काळजीने मांडतो, तशीच ही वही. ज्यांची वही पूर्ण होईल त्यांनी आम्हाला कळवा. त्या आजीला आपण इथे बोलवू, माईकसमोर बसवू, आणि तिचं नाव तिच्याच तोंडून सगळ्या गावांना ऐकवू.

आज इथेच थांबतो. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.